सातपुड्याहून आलेली गारगोटी

धुळ्याच्या नानांच्या प्रामाणिकपणावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला. आम्हा दोघांना दगड वेचायचं वेड. जुन्या टेबलफॅनच्या मोटरवर डबा बसवायचा, वाळूपाण्यात दगड महिनाभर फिरवायचे, की गुळगुळीत. कच्च्या दगडांची अदलाबदलही करायचो. नियम एकच : दगड स्वतः वेचलेला हवा.

एका रविवारी नानांनी धुऊन, तेल लावून आणलेली तांबूस गारगोटी काढली. "सातपुड्यात दोन दिवस पायपीट केली, भाऊ!" मी जड मनानं पाचोऱ्याच्या नाल्यातला माझा हिरवा दगड त्यांच्या हातावर ठेवला.

ते गेल्यावर बायको बाहेर आली. "अगबाई, सापडला का दाराला लावायचा दगड? नाना मागच्या खेपेला येऊन गेले तेव्हापासून शोधतेय. दार नुसतं आपटतंय. हा टवका बघा, नारळ फोडताना माझ्याच हातून उडालेला."

पुढच्या रविवारी मी नानांना दारातच धरलं. "नाना, हा सातपुड्यातला?"

नाना जराही न ओशाळता अहिराणीवर उतरले. "सातपुडा जाऊ दे, भाऊ. नियम सोता येचेल दगडना ना? येचेल तर मीच शे ना? दहा वरीस तुना दारमा व्हता, तुले दिसना का?"