बाबांच्याच हातात तापणारी गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या गॅरेजचे मालक. व्यासपीठावर बसलेले फोरमनसाहेब. आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे मीटरताई म्हणतो. त्यांचे यजमान, ज्यांनी इतकी वर्षं घरात ग्रीसचा वास सुखानं नांदू दिला. गॅरेजमधली सारी मंडळी आणि माझ्यासारखी गिऱ्हाइकं, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

गिऱ्हाइकांच्या वतीनं मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं आहे. दोन शब्दांत ताई मावणार नाहीत हे अध्यक्षांनाही माहीत असावं, कारण त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं मला इथून दिसतंय. मी पडदे शिवणारी बाई. गाडीतलं मला काय कळणार? पण या गॅरेजच्या अंगणात मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि तिचं नवल अजून ओसरलेलं नाही. ती गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. ते पहिल्या रांगेत कडेला बसलेत. त्यांची परवानगी घेतली आहे. म्हणाले, सूनबाई, सांग, फक्त गाडीला म्हातारी म्हणू नकोस.

तर, म्हातारी न म्हणता सांगते. बाबांची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीट, टप उघडा, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बैठक मारल्यासारखं. बाबांनी ती तरुणपणी घेतली. माझ्या सासूबाई तिला सवत म्हणायच्या आणि दर रविवारी त्याच सवतीच्या शेजारच्या सीटवर स्कार्फ बांधून मिरवायच्या. सासूबाई गेल्यावर रविवारची ती फेरी बाबा एकटेच मारू लागले. घरात आम्ही सगळे होतो, पण त्यांचा आठवडा त्या फेरीवर उभा होता.

एका रविवारी ते लवकर परतले. म्हणाले, टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तर ना वाफ, ना कसला वास. माझ्या यजमानांनी लगेच गाडी फिरवून आणली. काटा मध्यावर, हलायचं नाव नाही. पुढच्या वेळी बाबा गेले, पुन्हा लाल पट्टा. गाडी इथे आणली. फोरमनसाहेबांनी कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, इंजिनाचा तापमानाचा सेन्सर नवा घातला, वर थर्मामीटर लावून पाहिला. सगळं जिथल्या तिथे. त्यांनी स्वतः चालवून बघितली, काटा मध्यावर. बाबांनी चालवली की लाल. थोडक्यात, गाडी बाबांच्याच हातात तापायची. आता अशा गोष्टीचा घरात काय अर्थ काढला जातो, हे मी सांगायला हवं का?

हे म्हणाले, बाबांचं वय झालं. इंजिन जळेल या धास्तीनं त्यांनी दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. मेहुणे, शेजारी, जो तो बाबांना म्हणायचा, तुम्ही शेजारी बसा, मी चालवून बघतो. आणि बाबा शेजारी बसून तो शहाण्यासारखा मध्यावर उभा असलेला काटा बघत राहायचे. हळूहळू त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. गॅस बंद केलाय का, म्हणून तीनतीनदा स्वयंपाकघरात येऊ लागले. औषध घेतलं की नाही, ते मला विचारू लागले. पूर्वी उलट होतं, आम्ही विसरायचो आणि ते आठवण करायचे. यांनी विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि गाडीला गिऱ्हाईकही बघितलं. एका सकाळी फाटकाशी गाडी उभी करून यांनी विचारलं, "बघा बाबा, काटा कुठे आहे?"

बाबा काट्याकडे न बघताच म्हणाले, "तू म्हणशील तिथे."

मी दारात उभी होते. मला आत जाऊन रडावं लागलं.

विकण्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून गाडी इथे आणली. हे चालवत, बाबा शेजारी, मी स्कूटरवर मागे. फोरमनसाहेबांनी या वेळी वायरिंगचं काम बघणाऱ्या ताईंना हाक मारली. ताई आल्या, गळ्यात तो वीज मोजायचा मीटर, ज्यावरून त्यांचं नाव पडलं. ताईंचा स्वभाव गोड आहे असं खोटं मी आज निरोपाच्या दिवशीसुद्धा बोलणार नाही. यांनी सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तर ताईंनी हातानंच थांबवलं आणि बाबांना विचारलं, "काका, तुम्ही काय पाहिलंत?"

बाबांनी यांच्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका. ते तेव्हा गाडीत नव्हते."

किती दिवसांनी कुणी बाबांना हा प्रश्न विचारला होता! बाबांनी सगळं सांगितलं, अडखळत. ताईंनी इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली, काटा खाली पडला. ती वायर उघड्या पत्र्याला टेकवली, काटा थेट वर. म्हणजे काटा जिवंत होता, सांगू तसं वागत होता. वायर परत लावून ताई बाबांना म्हणाल्या, चला, चालवा. हे पुढे झाले, म्हणाले, मी चालवतो ना. ताई म्हणाल्या, "तुम्ही चालवलीत की ती बरी असते. बऱ्या गाडीचं मी काय करू?"

गुडघे हनुवटीला लावून ताई त्या सीटवर बसल्या. टप उघडा होता, म्हणून आम्हाला सगळं दिसत होतं. आम्ही सगळे काट्याकडे डोळे लावून उभे. ताई मात्र काट्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाबांच्या हातांकडे बघत होत्या. बाबांनी पट्टा बांधला. आरसा नीट केला. इंजिन सुरू केलं, आणि भर उन्हात हेडलाइट लावले. बुटकी गाडी ट्रकवाल्यांना दिसत नाही, म्हणून तरुणपणापासूनची त्यांची ती सवय. आमच्यापैकी कुणी दिवसाढवळ्या लाइट लावेल का?

काटा चढला. सरळ लाल पट्ट्यात.

ताईंनी हात पुढे करून लाइट बंद केले. काटा मध्यावर. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "आता तुम्ही करा, काका." बाबांनी लाइट लावले, काटा वर. बंद केले, खाली. पुन्हा लावले. पुन्हा बंद. ते थांबेचनात, आणि आम्हीही त्यांना थांबवलं नाही. ज्याच्यामुळे घरातला एक माणूस स्वतःला हरवून बसला होता, ते सगळं एका बटणावर वरखाली होत होतं.

मग ताईंनी मला समजेल असं सांगितलं. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. या गाडीत लाइटचा आणि काट्याचा परतीचा जिना एकच, डॅशबोर्डमागची अर्थिंगची वायर. तिचा नट गंजून सैल झालेला. जिना अरुंद झाला, लाइटची गर्दी उतरू लागली की काट्याची चेंगराचेंगरी व्हायची आणि तो वर ढकलला जायचा. त्यांनी नट काढला, पॉलिश पेपरनं घासला, आवळला. लाइट लावले. काटा मध्यावरच राहिला.

बाबांनी विचारलं, "म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं?"

"तुम्हाला दिसलं ते खरंच होतं, काका. खोटं बोलत होता तो काटा."

यांनी खिशातली दुसरी किल्लीही काढून बाबांच्या हातात ठेवली. जाताना बाबा एकटे गाडीत पुढे, आणि हे माझ्या स्कूटरवर मागे. गाडी विकायची नाही, असं गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवलं. डॉक्टरांकडे जायचा आग्रह मग बाबांनीच धरला, आणि तिथून हसत बाहेर आले.

निघताना मी ताईंना विचारलं होतं, हे तुम्ही कसं शोधलंत? त्या हात पुसत होत्या. म्हणाल्या, "मी कुठे शोधलं? काकांनी सांगितलं होतं ना, गाडी त्यांच्याच हातात तापते. मग त्यांच्या हाताशिवाय कुठे बघणार?"

ताई, आमच्या घरातला कर्ता माणूस तुम्ही आम्हाला परत दिलात. एवढ्यासाठी आभार हा शब्द मला तोकडा वाटतो, तरी तो गोड मानून घ्या. अध्यक्षांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं, तरी मला थांबवलं नाही, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, यंत्राचं काही चुकीचं सांगितलं असेल, तर घरचीच समजून पदरात घ्या. ताईंच्या यजमानांची मात्र आगाऊ माफी मागते. गाडीला दोनच सीट आहेत, तेव्हा ते आज माझ्या स्कूटरवर येतील. कारण पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची आत्ताच रिकामी झाली आहे. ताईंना घरी सोडायला बाबा गाडी दाराशी आणायला गेलेत. ताई, शेजारची सीट पुसून ठेवली आहे. सासूबाईंनंतर त्यांनी आपणहून कुणाला तिथे बसायला बोलावलं, ते आज पहिल्यांदाच.