मामांनी पारखलेलं पिल्लू

तुम्हाले सांगतो, पॉमेरेनियनचं पिल्लू घ्याले जातानी बैलं पारखणारा माणूस संगं नेऊ नका. मी नेला होता. आमचे पिंपळगाव राजा गावचे मामा.

चिखलीत एका ताईच्या अंगणात दोन पिल्लं होती, एक पांढरं, एक तपकिरी. मी तं सकाळपासूनच हवेत होतो. गेल्याबरोबर पांढरं उचललं अन् म्हटलं, "मामा, हेच."

"खाली ठेव बे," मामा म्हणाले. "पहिले चालवून पाहू."

मंग त्यांनी मुठीएवढ्या त्या जिवाचे दात पाह्यले, डोळे पाह्यले, लसीचं कार्ड मागितलं, अन् अंगणात त्याले चार चकरा मारायले लावल्या. मी लाजून मेलो. ताई तोंडाले पदर लावून हासून राह्यल्या होत्या.

"हे चालता चालता मागचा डावा पाय उचलते," मामा म्हणाले.

ताईंचं हासणं थांबलं. "हाव काका. डॉक्टर म्हणे, गुडघ्याची वाटी सरकते. लहान जातीच्या कुत्र्यात असते म्हणे. मी सांगणारच होती."

"तू तपकिरी घे," त्यालेही चालवून पाहून मामांनी मले हुकूम सोडला. "ते सही हाय."

मी तपकिरी घेतलं अन् गाडी काढाले गेलो. मामा आले, मांगं बसले. वळून पाह्यतो तं त्यांच्या दुपट्ट्यातून पांढरं तोंड बाहेर.

"मामा, त्याचा तं पाय..."

"मंग? मले का त्याले वखराले जुपायचं हाय?"