चित्र झाकून ऐकलेलं संगीत

काकू, नेहा, आणि राजापेठेतल्या या खोलीत जमलेल्या सगळ्यांनो, मला उभं राहून बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय. चार वेळा लिहिलं. 

माधवकाका स्पीकर दुरुस्त करायचे. मी घरांचं वायरिंग करतो. शाळा दहावीतच सुटली. तरी दर रविवारी काकांनी मला शेजारी बसवलं. सिनेमाचं पार्श्वसंगीत आपण इथे पडद्याशिवाय ऐकायचो. काका म्हणायचे, वरातीत कोणताही बँड चांगला वाटतो. तोच रिकाम्या अंगणात ऐका, मग बोला. अल्बम संपला की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी आपापलं मत एकाच वहीत लिहायचं.

मागच्या रविवारी मारधाडीच्या एका सिनेमाचा अल्बम लावला. अठरा तुकडे. हा सिनेमा काकांनी अकोल्याला नातीसोबत, या नेहासोबत पाहिला होता. काका खूश होते. मान डोलावत होते. मी काय केलं? मीही डोलावली.

खरं सांगतो. चौथ्या तुकड्यानंतर मला कंटाळा आला. तोच ढोल, तीच धावपळ. पाठलाग दिसतच नसेल तर तो ढोल कुणाच्या मागे धावतो? एकच तुकडा आपल्या पायावर उभा राहिला, अकरावा. मारामारी संपल्यावरची संथ सारंगी.

काकांनी विचारलं. मी म्हणालो, मस्त आहे. त्यांनी चष्मा काढला.

"तुले खरंच आवडलं, का माह्यासाठी म्हणून राहिला?"

"खरंच, काका."

"मंग लिही ना बे. तुही जागा कोरी काहून?"

पुढच्या रविवारी लिहितो म्हणालो. गुरुवारी काका गेले.

परवा कुणीतरी प्रेमानंच सुचवलं, आता त्यांच्या मनासारखं लिहून टाक. मी वही उघडली. काकांचं मत वाचलं. त्यात ढोलाबद्दल एक शब्द नाही. लिहिलंय, "सातव्या तुकड्याला नेहानं माझा हात घट्ट धरला होता."

नेहा, त्या रविवारी ऐकताना काकांच्या हातात अजून तुझा हात होता. आम्हाला इतकी वर्षं पडदा झाकायला लावणारा माणूस त्या एका रविवारी स्वतःच पडदा झाकायला विसरला. त्यांची ही चूक मला फार आवडते.

पण मत मी माझंच लिहिलं. आज सकाळी, शाईच्या पेनानं, त्यांच्या मताखाली: सिनेमात चांगलं. नुसता अल्बम म्हणून नाही. अकरावा तुकडा जपून ठेवावा. काकांचं एक अक्षरही खोडलं नाही. काका, उशीर झाला. तुमच्यासमोर खोटं बोललो, माफ करा.

रविवार बंद होणार नाही. कुणी आलं नाही तर मी एकटा बसेन.

आता अकरावा तुकडा लावतो. तो संपला की नेहमीसारखी दोन मिनिटं कुणी बोलू नका. फक्त आज त्यानंतर वही उघडायची नाही.

काका, नमस्कार करतो.