सळई मी थांबवली होती

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. वहिनी, मनीषा, कारखान्यातले जुने सोबती. मला बोलता येत नाही. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. तिथे लिहायचं असतं, बोलायचं नसतं. तरी आज, जनार्दनभाऊंच्या शोकसभेत, बोलायला हवं.

भाऊ आमच्या गोखिवरे गावातल्या कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरचा कोळसा सांभाळायचे. ढिगातला कोळसा हवा लागून आतल्या आत तापतो. कुणी काडी न लावता पेटतो. भाऊ रोज सकाळी ढिगात लोखंडी सळई खुपसायचे, थोड्या वेळानं काढायचे, हात लावून पाहायचे. तापली असेल तर ढीग फोडायचे. एवढंच त्यांचं यंत्र.

मी नवा केमिस्ट. म्हटलं, कोळशावर क्षाराचं पाणी मारू. भाऊ मिठागरवाल्यांच्या घरातले. मीठ काढून झाल्यावर उरतं ते कडू पाणी त्यांनीच पिंपं भरभरून आणलं. फवारलं. ते पाणी ओल धरून ठेवतं, कोळशाला हवा कमी लागते. ढीग थंड! मी खूश. म्हटलं, "भाऊ, आता सळई बंद."

ते म्हणाले, "साहेब, पानी सुकला का कोलसा परत तापनार."

मी म्हटलं, "भाऊ, हे शास्त्र आहे." कसलं शास्त्र? सुकल्यावर काय होतं, हे मी तपासलंच नव्हतं.

पाणी सुकलं. ढीग पेटला. भाऊंनी फावड्यानं तो फोडला आणि उजवा हात भाजून घेतला. चौकशीत मालकांनी विचारलं, सळई का लावली नाही? भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "राहिली, शेट." मी तिथेच उभा होतो. गप्प.

भाऊंना कोळशावरून काढून गेटवर बसवलं. हलगर्जी माणूस, असं नाव पडलं ते पडलंच. मनीषा, आपल्या बाबांबद्दल तूही ते ऐकत मोठी झालीस ना?

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलंत? हसले. म्हणाले, "नोकरी कायम झाल्यावर तुमी सांगाल, असा वाटला."

वहिनी, भाऊ सळई विसरले नव्हते. सळई मी थांबवली होती. मला याची लाज वाटते.

बोलायचं तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगून झालं. आता भाऊंसाठी सगळे जरा वेळ उभे राहू या, काही न बोलता.