पेंटबॉलमधला धक्का

मुलुंडच्या दवाखान्यात शुभाताई एक्स-रेसाठी बसल्या होत्या. हातात मासिक होतं, पण कान शेजारच्या सासू-सुनेकडे. पेंटबॉलच्या मैदानावरून दोघी तशाच आल्या होत्या, रंगाने माखलेल्या.

"अख्ख्या सोसायटीदेखत ढकललंस मला, गंधाली! कोपर बघ कसं सुजलंय."

"पण आई, तुम्ही मास्क का वर केलात?"

"काचेवर वाफ धरली होती. दिसेना काही."

"मग हात वर करून बाहेर यायचं ना! गेम चालू असताना मास्क काढायचा नाही, किती वेळा सांगितलं होतं तिथल्या माणसांनी."

"म्हटलं, एका सेकंदात काय होतंय."

"त्याच सेकंदात रंगाची गोळी आली. तुम्हाला ढकललं म्हणून माझ्या पाठीवर फुटली. डोळ्यावर बसली असती तर?"

सासूबाई तिच्याकडे वळल्या.

"दाखव पाठ."

"राहू दे हो. काळंनिळं झालंय थोडं."

"मारली कोणी?"

"तुमच्या मुलानं. समोरच्या टीममध्ये होता ना."

"मुकुलनं? आहे कुठे तो?"

"खाली गाडी लावतोय. जाम घाबरलाय."

"येऊ दे वर."

तेवढ्यात शुभाताईंचं नाव पुकारलं. त्यांनी मागच्या बाईंना सांगितलं, "तुम्ही जा आधी. मला काही घाई नाही."