यमुताईंकडची भिंत

नूपुर: म्हणजे तू फाटक उघडून शेजारच्या मधुसूदनकाकांना आत घेतलंस? बाबा गेले तेव्हाही ज्यांच्याशी बोलली नाहीस, त्यांना?

यमुताई: त्याईले कुठं घेतलं? आधी त्यांचा मिस्त्री आला, लहानू. त्यांच्या गच्चीवरून टेप सोडून त्यांच्या घराची आपल्याकडची भिंत मोजून राहिला होता. वाऱ्यानं टेप इकडून तिकडे, अन् वरून मधुसूदनभाऊ म्हणून राहिले, अंदाजानं लिही. मी ओसरीत बसून गंमत पाहत होती.

नूपुर: पण इतक्या वर्षांनी त्यांना या भिंतीची आठवण कशी झाली?

यमुताई: आतून ओल आली ना. अगदी हद्दीवर घर बांधलं, बोटभर जागा सोडली नाही. इकडून साऱ्या उघड्या विटा, पाणी पिऊन पिऊन फुगल्या. लहानूनं सांगितलं, आतून किती बी प्लास्टरची छपाई करा, पोपडे पडतच राहतीन. प्लास्टर बाहेरून पाहिजे. अन् बाहेर म्हणजे आपलं अंगण.

नूपुर: आणि बाबांच्या वेळचं विसरलीस तू?

यमुताई: मी काहून विसरीन वं? अंगावरून वारं गेल्यावर तुझे बाबा याच ओसरीत पडून होते. डोळ्यांपुढं त्या विटा अन् त्यातून ओघळलेलं सिमेंट. मी मधुसूदनभाऊले सांगायले गेली होती. एवढी बाजू छापून घ्या म्हटलं, परांचीच्या बल्ल्या खुशाल आमच्या अंगणात रोवा. तं म्हणाले, "भिंत आमची असली तरी दिसते तुम्हाला. तुम्हीच करून घ्या."

नूपुर: तेच म्हणते मी.

यमुताई: म्हणून तं लहानूले फाटकावरूनच परत पाठवलं. पुन्हा आला. विटा ठोकून पाहतो म्हणे, नाही तं खर्चाचा अंदाज चुकते. मी म्हटलं, चुकू दे. मंग एका सकाळी मधुसूदनभाऊ स्वतः आले. कमरेले पट्टा, हातात काठी. मणक्याची गादी सरकली होती, महिनोन्‌महिने झोपून होते म्हणे.

नूपुर: बसा तरी म्हणालीस?

यमुताई: नाही. आधी कायदा सांगून राहिले, शेजाऱ्याले असं अडवता येत नाही म्हणून. मी म्हटलं, मंग कायद्यालेच सांगा बल्ल्या रोवायले. मंग फाटक धरून म्हणाले, "वहिनी, दिवसभर पडल्या पडल्या ती ओलच दिसते. रोज थोडी मोठी झालेली असते."

नूपुर: आणि तुला दया आली.

यमुताई: दया नाही, मले बरं वाटलं. देवाजवळ दिवा लावून आली, तरी बरंच वाटून राहिलं होतं. दोन दिवस तसे गेले. मंग नाही राहवलं. भिंतीकडे पाहत पडलेला माणूस कसा दिसते, थे मले माहीत आहे.

नूपुर: म्हणून हो म्हणालीस.

यमुताई: असंच हो नाही म्हटलं. लहानूच्या अंदाजात समोरच्या बाजूले थे भारी टेक्स्चर होतं, रवाळ, रस्त्यावरून दिसणारं. आपल्याकडे नुसतं साधं प्लास्टर. मी सांगितलं, माझ्या अंगणातून होईन तं समोरच्यासारखीच होईन, अन् रंग मी निवडीन. लहानूनं फाटकाशीच नवा अंदाज काढला. दोन्हीकडे भारी करणं त्यांच्या पैशात काही जमेना.

नूपुर: म्हणून समोरची बाजू अजून तडकलेली? मला वाटलं, काम अर्धंच राहिलं.

यमुताई: पूर्ण झालं. घराची सारी शोभा आपल्याकडे आहे. रस्त्यानं जाणारे म्हणतात, माणूस कंजूष दिसते.

नूपुर: आणि कामाच्या वेळी तुम्ही दोघं बोलायचात?

यमुताई: लहानूमार्फत. ते परांचीखाली, मी ओसरीत, अन् हा मधी थापी घेऊन दोघांचे निरोप पोचवून राहिला. छपाई झाली अन् लहानू दुसऱ्या कामावर गेला. मंग भिंतीवर पाणी मारायले मधुसूदनभाऊच यायचे, डॉक्टरनं चालायले सांगितलं होतं म्हणून. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन. आता मधी कोणीच नाही. नळ सोडा, नळ बंद करा, एवढं तं बोलावंच लागते. पाणी मारून झालं तरी उभे राहायचे. आपल्याच घराची ही बाजू त्याईनं कधी पाहिली नव्हती.

नूपुर: कमाल आहे. मग आता एवढं छान झालंय, तर दार लावून आत काय बसलीस? चल, ओसरीत बसू.

यमुताई: जाऊन पाहा.

(नूपुर दार उघडून ओसरीत जाते आणि डोळ्यांवर हात धरून परत येते.)

नूपुर: अगं, सगळं ऊन अंगावर येतंय.

यमुताई: पांढरा रंग मीच निवडला ना. विटा होत्या तं ऊन गिळून घ्यायच्या. आता मे महिन्याची दुपार त्या भिंतीवरून सरळ माझ्या ओसरीत येते. कूलर लावून पाहिला, काही होत नाही. आता ओसरीले उन्हाची हिरवी जाळी लावून राहिली, वरपासून खालपर्यंत.

नूपुर: मग भिंत कोणालाच दिसणार नाही.

यमुताई: नाही. पण त्यांची ओल गेली.

मधुसूदन: (फाटकातून) वहिनी, आहात का? जाळी आणली इतवारीच्या बाजारातून. ऑटोनं गेलो होतो. अरे, नूपुर, कोराडीहून कधी आलीस?

नूपुर: आत्ताच, काका. या ना.

मधुसूदन: लहानू तारा घेऊन येतो म्हणाला बांधायला, थोड्या वेळानं.

यमुताई: मंग तोपर्यंत बसा.

मधुसूदन: ओसरीत बसलो तर चालेल?

यमुताई: ऊन आहे तिथं.

मधुसूदन: असू द्या.

यमुताई: नूपुर, काकांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेव वं. अन् माझी बी.