सलीमच्या खोलीतला उजेड

मित्रहो, सगळे आलात. तेल्हाऱ्याहून सलीमच्या मोठ्या बहीण, आपा, आल्या आहेत. त्यांनीच त्याला वाढवलं. मला बोलायला सांगितलं, कारण आपल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. पण खरं सांगतो, मला अजून रडूही आलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या अमरावती-अकोल्यात शोकसभा इतक्या झाल्या, की काय बोलायचं ते तोंडपाठ झालंय. आज त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

सलीम करायचा तरी काय? पुष्कळांनी विचारलं. मीही विचारायचो. तो म्हणायचा, "अबे, तुह्या वावरातली मोटार तापली का स्विच पडते न? मी तसाच स्विच बनवून राहिलो. फक्त तो डोयाले दिसत नाही."

इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसं चुंबक समजा. लोखंडाच्या अगदी पातळ थरातून ते पाठवले, की बहुतेकांची तोंडं एका बाजूला होतात. त्या इलेक्ट्रॉनांपासून पुढे उजेड काढायचा. थर तापवला, की तोंडं फिरतात आणि उजेड बदलतो; तोच त्याचा स्विच. एवढंच. एवढ्यासाठी त्यानं केस पांढरे केले.

मी म्हणायचो, "काहून अमरावतीत बसला बे? पुण्याले जा न." तो म्हणायचा, "तिथं लाइन जात नाही. तिथं कोनीबी करते!"

इथं लाइन रोजच जायची. तो थर एका बंद डब्यात असतो, आणि डब्यातली हवा एक पंप सतत बाहेर खेचत असतो. पंप थांबला, की हवा आत जाते आणि थर गंजतो. भारनियमनात सलीम तो पंप बॅटरीवर चालवायचा. दिवाळीच्या सुट्टीत स्वतः उभा राहून शिपायांना सांगायचा, या खोलीचा मेन बंद करू नका. दरवेळी सांगायचा.

परवा सकाळी तो घरीच कोसळला. आपण त्याच्यासाठी कॉलेजला सुट्टी दिली. सगळ्यांनी मिळून दिली. सुट्टी म्हटल्यावर सगळ्या खोल्यांचे मेन बंद झाले, नेहमीसारखे. या वेळी सांगायला तो नव्हता.

दफनाहून परत आलो, खोली उघडली. पंप थंड. बॅटरी संपलेली. थर काळवंडलेला. त्यावर शेवटचा लेप द्यायचा होता, आणि याच आठवड्यात उजेड पाहायचा होता.

आपा, काल दफनाला निघण्याआधी तुम्ही मला विचारलं, "भाऊ, त्याचा उजेड निंगाला का?" मी म्हणालो, पाहून सांगतो. आपा, नाही निघाला. त्याच्या मानासाठी आपण सुट्टी दिली, आणि त्याचं काम बंद पाडलं. कोणाला दोष देऊ? वाईट कोणीच वागलं नाही. मला राग यायला हवा. तोही येत नाही.

उद्यापासून मी नवा थर चढवतो. उजेड निघेलच, असं वचन देत नाही.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. नंतर आपापल्या घरी जा. आपा, तुम्ही मात्र माझ्याबरोबर चला. तुमचा भाऊ आयुष्यभर जिथं बसला, ती खोली तुम्ही एकदाही पाहिलेली नाही.